रेम्ब्रांटच्या 'मृत ख्रिस्तावरचा विलाप'मधली आई: हे चित्र तपकिरीच का, आणि त्याला जोड कसले?

रात्रपाळी

नमस्कार. चित्रकलेतलं मला फार कळत नाही, पण एक चित्र तीन आठवडे झाले डोक्यातून जात नाहीये, म्हणून विचारते.

मी लंडनमध्ये नर्स आहे. रात्रपाळी संपल्यावर कधीकधी झोप लागणार नाही हे आधीच कळतं. मग ट्रॅफल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीत जाते. दहाला दार उघडतं, तिकीट नसतं, बसायला बाकं असतात. रेम्ब्रांट या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या मोठ्या चित्रांपुढे गर्दी होते, म्हणून मी कडेला सरकले आणि एका छोट्याशा तपकिरी चित्रासमोर उभी राहिले. 'मृत ख्रिस्तावरचा विलाप', १६३४-३५ च्या सुमाराचं. माप जेमतेम ३२ बाय २७ सेंटिमीटर. शाळेच्या वहीपेक्षा थोडंसंच मोठं. त्यात क्रूस, शिडी, मागे शहर, आणि खाली माणसांचा घोळका. येशूला उतरवून आईच्या मांडीवर ठेवलंय. एक बाई त्याचे पाय कवटाळून बसलीये.

आई शुद्धीवर नाहीये. आजूबाजूचे सगळे शोक करताहेत आणि तिच्या चेहऱ्यावर मात्र शोक नाही. चेहरा सुटलेला आहे. मी हा चेहरा पाहिलेला आहे. १९ वर्षं हे काम करते, त्यामुळे झोपलेला, बेशुद्ध आणि गेलेला, या तिघांच्या मानेतला फरक मला लांबूनही कळतो. या चित्रात आई आणि मुलगा यांच्यात तो फरक जवळजवळ उरलेलाच नाही. चेहरे नखाएवढे आहेत, तरी हे कळतं.

बातमी सांगण्याआधी मी नातेवाइकांच्या मागे खुर्ची सरकवून ठेवते. कुणी मला हे शिकवलं नाही, दोनदा माणूस खाली पडलेला पाहिल्यावर आपोआप लागलेली सवय आहे. गुडघे आधी जातात. डोळ्यांतलं पाणी बऱ्याच वेळाने येतं, कधी दुसऱ्या दिवशी. या चित्रकाराला ते माहीत होतं असं मला वाटलं.

माझे प्रश्न असे. एक, हे सगळं तपकिरीच का? रंग उडालेत की मुळातच असं आहे? दुसरं, बाजूने उजेड पडला की चित्रावर आडव्यातिडव्या रेघा दिसतात, कपड्याला ठिगळ लावावं तशा. पाटीवर लिहिलंय की तैलरंग कागदावर आणि कॅनव्हासच्या तुकड्यांवर आहेत आणि ते सगळं ओकच्या फळीवर चिकटवलंय. असं कुणी का करेल? आणि तिसरं, बायबलमध्ये हा प्रसंग नेमका कुठे येतो? मला वाचायचा आहे.

जुनी_शाई

रंग उडालेले नाहीत, ताई. ते तसंच काढलेलं आहे. एकाच रंगाच्या छटांमध्ये केलेल्या अशा कामाला ग्रिझाय म्हणतात. डच लोकांकडे त्याला घरगुती शब्द होता, आपण 'करडुलं' म्हणावं तसा. १६५६ मध्ये रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं तेव्हा त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी केली गेली, त्यात हा शब्द पुन्हापुन्हा येतो. म्हणजे अशी बरीच करडुली त्याने विकली नव्हती, घरातच ठेवली होती.

मी एचिंग करतो, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून त्यांची छापचित्रं काढतो, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं असेल. छापचित्रात तुमच्याकडे शाई आणि कोरा कागद एवढंच असतं. निळा झगा, लाल शेला यांचा काही उपयोग नाही. कुठला चेहरा उजेडात आणि कुठला अंधारात हे आधी ठरवावं लागतं आणि त्यासाठी तैलरंगातलं एकरंगी कच्चं काम फार सोयीचं पडतं. त्याच गॅलरीत रेम्ब्रांटचं दुसरं तपकिरी चित्र आहे, रोमन सुभेदार पिलात येशूला लोकांपुढे उभा करतो ते. त्याच्यावर १६३४ साल आहे. ते कागदावर काढलंय आणि त्यातल्या आकृत्यांच्या कडांवरून टोकदार हत्याराने दाबून रेघा ओढल्याच्या खुणा आहेत, आकृती पत्र्यावर उतरवण्यासाठी. १६३५-३६ मध्ये त्याचं छापचित्र झालं, जवळजवळ त्याच मापाचं आणि अर्थातच उलटं, आरशात पाहावं तसं. तुमचं 'विलाप'सुद्धा अशाच एखाद्या छापचित्राची तयारी असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. पण छापचित्र झालंच नाही.

आता ठिगळं. हा माझा सगळ्यात आवडता भाग. त्याने आधी कागदावर काढलं. मनासारखं झालं नाही म्हणून काही भाग काढून टाकला, उरलेला कागद कॅनव्हासवर चिकटवला आणि रिकाम्या जागेत पुन्हा रंगवलं. नंतर ते सगळं फळीवर गेलं आणि आकारही वाढवला गेला. यातली काही भर दुसऱ्या कुणाच्या हातची असावी असंही मानतात. पण मधली झटापट त्याचीच आहे.

हे माझं नुसतं म्हणणं नाही, पुरावा तुमच्यापासून चालत वीस मिनिटांवर आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये याच प्रसंगाचं त्याचं रेखाटन आहे. पेन, तपकिरी शाई, लाल आणि काळा खडू, वर तैलरंगाचे हात. तेसुद्धा कापलेलं आणि तुकडे जोडून पुन्हा काढलेलं. एखादा माणूस एकाच प्रसंगासाठी दोन वेगळ्या कागदांना कात्री लावतो, तेव्हा त्याला काहीतरी सापडत नसतं. माझ्या हातून पत्रा बिघडला तर मी तो घासून परत सुरू करतो, कारण तांबं महाग असतं. पण कागद फेकून देऊन नवा घेता येतो. त्याने तो फेकला नाही. म्हणजे त्या कागदावर असं काहीतरी उतरलं होतं जे पुन्हा उतरेल याची त्याला खात्री नव्हती.

ऑलिव्हची_फांदी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून कदाचित आश्चर्य वाटेल. हा प्रसंग बायबलमध्ये नाही.

चारही शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने असलेल्या येशूच्या चरित्रांत, क्रूसावरून उतरवल्यानंतरचा मजकूर अगदी मोजका आहे. अरिमथाईकर योसेफ पिलाताकडे जाऊन शरीर मागतो, तागाच्या वस्त्रात गुंडाळतो, कबरेत ठेवतो. योहानाच्या १९ व्या अध्यायात निकदेमही येतो, गंधरस आणि अगरू यांचं भरपूर मिश्रण घेऊन. बस. आईने त्याला मांडीवर घेतलं असं कुणीच लिहिलेलं नाही. ते पुढच्या शतकांतल्या भाविकांनी मनाने भरून काढलं. उतरवणं आणि पुरणं या दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा सुटली होती तिथे त्यांनी आईला बसवलं. मला विचाराल तर ती जागा भरली नसती तर वाचणाऱ्याला श्वास घेता आला नसता. लूकच्या दुसऱ्या अध्यायात म्हातारा शिमोन येशूच्या आईला, मरीयेला, सांगतो की तुझ्याही जिवातून तलवार आरपार जाईल, आणि मग ती तलवार गेली कधी हे सांगायचं राहून जातं.

बेशुद्ध पडण्यावरून तर चर्चमध्ये रीतसर वाद झाला होता. योहान १९:२५ मध्ये म्हटलंय की येशूच्या वधस्तंभाजवळ त्याची आई उभी होती. उभी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मरीयेच्या मूर्च्छेचा वेगळा सण असावा अशी मागणी पोप दुसरे ज्युलियस यांच्याकडे गेली. कायेतान नावाच्या धर्मपंडिताने १५०६ मध्ये त्याविरुद्ध लिहिलं. मुद्दा साधा होता: ती उभी होती, पडली नाही, आणि शुद्ध हरपणं हे शहाणपणाने दुःख सोसणाऱ्या आईला शोभत नाही.

चित्रकारांनी मात्र तिला पाडलंच. त्यातलं सगळ्यात थोर उदाहरण याच्या २०० वर्षं आधीचं, रोखिअर फान डेर वेयडेनचं 'क्रूसावरून उतरवणे'. ते आता माद्रिदच्या प्रादोमध्ये आहे. १४३५ च्या आसपास लूवेनच्या क्रॉसबो (चापाचं धनुष्य) चालवणाऱ्यांच्या संघासाठी केलं (वरच्या कोपऱ्यांमधल्या नक्षीत बारीकसे क्रॉसबो लटकवलेत). तिथे आईचं शरीर मुलाच्या शरीरासारखंच वळून खाली येतं, तोच बाक, तसाच लोंबता हात. तुम्ही मानेबद्दल जे लिहिलंत ते वाचून मला तेच आठवलं. फक्त रोखिअरच्या आकृती जवळजवळ माणसाएवढ्या आहेत आणि रेम्ब्रांटने तेच नखाएवढ्या जागेत आणलं.

चौकट

रेम्ब्रांटचं पहिलं मूल दोन महिन्यांचं असताना गेलं होतं. हे चित्र त्याच दुःखातून आलंय असं कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळेच इतकं खरं वाटत असेल.

जुनी_शाई

@चौकट, हे ऐकायला बरं वाटतं, पण तारखा जुळत नाहीत. मुलाचं नाव रुम्बार्टस. बाप्तिस्मा १५ डिसेंबर १६३५ चा, दफन १५ फेब्रुवारी १६३६ चं. आणि चित्र साधारण १६३४-३५ मधलं मानतात. सास्कियाशी लग्नच १६३४ मध्ये झालेलं. नंतर दोन मुली तान्ह्या असतानाच गेल्या, १६४२ मध्ये सास्कियाही गेली, टायटस हा मुलगा तेवढा मोठा झाला. दुःख त्याच्या वाट्याला पुष्कळ आलं, पण या चित्राच्या नंतर. मला उलट हे जास्त अवघड वाटतं की स्वतःचं मूल जाण्याआधीच त्याला आईचा तो चेहरा ठाऊक होता.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पाळी संपल्यावर पुन्हा जाऊन आले. जोड कुठे आहेत ते आता माहीत असल्यामुळे वेगळंच दिसलं. उजेडाची तिरीप पडेपर्यंत थांबले आणि डावीकडून, मग उजवीकडून पाहिलं. पहारेकरी बाईंनी एकदा मागे सरकायला सांगितलं.

@ऑलिव्हची_फांदी, कायेतान यांच्याशी मला भांडावंसं वाटलं. उभी राहिलेली आई आणि पडलेली आई अशा दोन वेगळ्या आया नसतात. मी एकच बाई दोन्ही करताना पाहिली आहे. एका मुलाची आई (२३-२४ वर्षांचा असेल तो) रात्रभर उभी होती. बसा म्हटलं तर बसेना. मॉनिटरकडे बघत होती, मला ड्रिप बदलायला हात पुढे करून मदत करत होती. सगळं संपल्यावर मी त्याचे डोळे मिटले, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, हात चादरीवर घेतले. तोवरही ती उभीच. मग तिने त्याच्या कपाळाला गाल लावला आणि मला म्हणाली, "त्याला थंडी वाजतेय, अजून एक पांघरूण द्या." मी पांघरूण आणायला वळले आणि मागे आवाज आला. खुर्ची होती, पण ती खुर्चीच्या बाजूला पडली.

म्हणजे योहानाने लिहिलंय तेही खरं आणि चित्रकारांनी काढलंय तेही खरं. काम बाकी असेपर्यंत माणूस उभं राहतं. बायबलने उभी असलेली घटका लिहून ठेवली आणि त्यानंतरची घटका या लोकांनी रंगवली.

आणखी एक लक्षात आलं ते विचारते. पायांशी बसलेली बाई ही येशूची शिष्या मग्दालीया मरीया ना? ती एकटीच काहीतरी घट्ट धरून आहे. बाकीचे हात हवेत, आधाराला, तोंडावर. वॉर्डमध्येही असंच असतं. कुणीतरी एक जण नेहमी पाय धरून बसतं. चेहऱ्याकडे बघवत नाही म्हणून पाय.

ऑलिव्हची_फांदी

हो, मग्दालीयाच. पायांशी तिची जागा परंपरेने ठरलेली आहे, कारण अश्रूंनी येशूचे पाय भिजवून केसांनी पुसणारी लूकच्या सातव्या अध्यायातली बाई तीच, असं पश्चिमेकडच्या चर्चमध्ये कित्येक शतकं मानत आले. लूकने तिचं नाव दिलेलं नाही. पण चित्रकारांना पाय आणि मग्दालीया वेगळे काढता आले नाहीत. "चेहऱ्याकडे बघवत नाही म्हणून पाय" हे मात्र मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही, आणि आता ते विसरणार नाही.

उभी आणि पडलेली यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते आमच्या प्रार्थनागटात वाचून दाखवलं तर चालेल का?

रात्रपाळी

जरूर. फक्त वय गाळा.

कालव्याकाठी

थोडा उशिराच आलो, पण या चित्राच्या शेजारची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं राहणं हॉलंडमध्ये, डच रोजच्या वापरात आहे.

याच वर्षांत रेम्ब्रांट डच प्रांतांचा प्रमुख प्रिन्स फ्रेडेरिक हेंड्रिक याच्यासाठी येशूच्या दुःखभोगाची चित्रमालिका करत होता. त्यातली 'क्रूसावरून उतरवणे' आणि 'कबरेत ठेवणे' ही चित्रं आज म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेकमध्ये आहेत. 'उतरवणे'मध्ये शिडीवर निळ्या कपड्यातला एक माणूस येशूचा दंड धरून उभा आहे, त्याला रेम्ब्रांटने स्वतःचा चेहरा दिलाय. आई तिथेही खाली अंधारात कोसळलेली आहे. लक्षात घ्या, रेम्ब्रांट राहायचा ते ॲमस्टरडॅम १५७८ पासून प्रोटेस्टंटांच्या हातात होतं. चर्चच्या भिंती कोऱ्या, वेदीवर चित्र नाही, गुडघे टेकायला मूर्ती नाही. १५६६ मध्ये तर जमावाने चर्चमध्ये घुसून मूर्ती आणि चित्रं फोडली होती. त्यामुळे असा विलाप घरात, दालनात, हातात धरून बघायचा झाला. तुमचं चित्र वहीएवढं आहे त्याचं मला तरी नवल वाटत नाही.

मालिका लांबली. रेम्ब्रांटने प्रिन्सचे सचिव कॉन्स्टन्टाइन हायखन्स यांना लिहिलेली सात पत्रं उरली आहेत, आणि त्याच्या हातची तेवढीच पत्रं आज आपल्याकडे आहेत. बरीचशी पैशांबद्दल आहेत. शेवटच्या दोन चित्रांचे प्रत्येकी १००० गिल्डर त्याला हवे होते, मिळाले ६००. पण १२ जानेवारी १६३९ च्या पत्रात तो चित्रांना उशीर का झाला ते सांगतो, आणि आपल्या चित्रकलेबद्दल त्याने स्वतः लिहिलेलं तेवढं एकच वाक्य आहे म्हणा ना. त्यात तो म्हणतो की मी या दोन चित्रांत सर्वांत जास्त आणि सर्वांत नैसर्गिक 'बेवेखलिकहाइट' आणायचा प्रयत्न केलाय.

या शब्दावर अभ्यासक अजून वाद घालतात. काहींच्या मते अर्थ शरीराची हालचाल, काहींच्या मते मनातली भावना. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वादच कळला नाही, कारण मराठीत आपण मन हेलावलं म्हणतो. हेलावतं ते पाणी. पोटात कालवतं, काळीज हलतं, गलबलून येतं, यातला प्रत्येक शब्द आधी शरीराचा आहे. रात्रपाळी ताईंनी लिहिलं की गुडघे आधी जातात आणि पाणी मागून येतं. रेम्ब्रांटला या शब्दातून तेच म्हणायचं असावं असं मला वाटतं.

जुनी_शाई

हे वाचून एक गोष्ट जुळली. 'विलाप'मध्ये त्याने कापाकापी केली ती रंगासाठी नव्हती, रंग तर त्यात नाहीच. कोण कुठे झुकलंय, कुणाचा भार कुणावर आहे, एवढंच बदलण्यासारखं होतं. गळालेल्या शरीराचं वजन नेमकं कुठे पडतं हे कागदावर चुकलं की ते शरीर झोपल्यासारखं दिसतं. मी स्वतः शंभरदा चुकलोय.

ताई, ब्रिटिश म्युझियमचं ते रेखाटन नेहमी भिंतीवर नसतं. पण तिथे छापचित्रं आणि रेखाटनं बघायची अभ्यासिका आहे. आधी वेळ घेतली तर कुणालाही पेटीतून काढून समोर ठेवतात. तुम्ही नर्स आहात, चित्रकार नाही, याने काही अडत नाही.

रात्रपाळी

'सर्वांत जास्त आणि सर्वांत नैसर्गिक' हे मी रात्री डायरीत लिहून ठेवलं.

अभ्यासिकेला विचारलं आहे. पुढच्या आठवड्यात सलग दोन दिवस सुट्टी आहे, झोप काढून दुसऱ्या दिवशी जाईन म्हणते. मला पाहायचंय ते एवढंच की त्या रेखाटनात आईची मान कशी आहे. ती आधीपासूनच अशी होती, की कापून, चिकटवून, पुन्हा काढून मग तशी झाली. तिथे काही सोबत न्यावं लागतं का?

जुनी_शाई

ओळखपत्र. हात धुऊन जा. आणि टिपणं काढायची असतील तर पेन्सिल न्या, शाईचं पेन आत चालत नाही. मान कशी आहे ते आल्यावर इथे नक्की लिहा.